एकाच वजनाने: धर्मावर बोलताना ख्रिस्ती माणसाने पाळायची शिस्त

आमच्या तरुण संघातला एक मुलगा गेल्या पावसाळ्यात शास्त्राभ्यासाला, म्हणजे बायबलच्या वर्गाला, आला तो तोंड पाडूनच. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एरवी भारी बडबड्या. सगळे गेल्यावर सतरंज्या गुंडाळताना मी विचारलं, तेव्हा बोलला.

“टीचर, हॉस्टेलात वाद झाला. तो म्हणे, तुमचे देव तीन. मी म्हटलं, तुमचे तेहतीस कोटी. सगळे हसले. तो चूपच झाला.”

“मग जिंकलास ना? तोंड काहून पडलं?”

“आठ दिवस झाले, बोलूनच नाही राहिला तो माझ्याशी.”

मी सदरला राहते. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे आणि मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तरुणांचा शास्त्राभ्यास घेते. नागपुरात ख्रिस्ती माणसाला धर्मावर बोलायची वेळ येतेच. शेजारी राम राम म्हणणारे, समोर जय भीम म्हणणारे, कोपऱ्यावर सलाम आलेकुम म्हणणारे, आणि कुणी ना कुणी कधीतरी सरळ विचारतोच की तुमच्यात हे असं का. विचारावं. प्रश्न उत्तराच्या तयारीचा आहे आणि उत्तर देताना आपण काय करून बसतो याचा आहे. म्हणून त्या मुलाला मी जे दोन-तीन रविवार समजावलं, ते इथे सविस्तर लिहिते.

आधी त्या दोन वाक्यांकडे नीट बघू.

‘तुमचे देव तीन’ हे ख्रिस्ती श्रद्धेचं चुकीचं वर्णन आहे. यहुदी लोक रोज म्हणत आणि प्रभू येशूनेही सगळ्यांत मोठी आज्ञा म्हणून जी सांगितली, तिची सुरुवातच ‘आपला देव परमेश्वर हा एकच’ अशी आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघं वेगवेगळे देव असल्याचं कुठलीच मंडळी शिकवत नाही. ३२५ साली निकिया इथे भरलेल्या धर्मसभेपासून चर्चने हा विषय शब्द तोलून मांडला आहे: अस्तित्व एक, त्या एका अस्तित्वात तीन व्यक्ती. पटो न पटो, म्हणणं हे आहे. ‘तीन देव’ ऐकलं की आपल्याला लागतं, कारण आपण जे मानतच नाही ते आपल्या गळ्यात बांधलं जातं.

आता दुसरं वाक्य. ‘तेहतीस कोटी’वर हसणाऱ्या मुलाला बृहदारण्यक उपनिषद माहीत नव्हतं. तिथे शाकल्य याज्ञवल्क्याला विचारतो, देव किती? उत्तर येतं तीनशे तीन आणि तीन हजार तीन. तो पुन्हा विचारतो, खरंच किती? तेहतीस. पुन्हा विचारतो. सहा, मग तीन, मग दोन, मग दीड, आणि शेवटी एक. तेहतिसांचा हिशोबही तिथेच दिलाय: आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, इंद्र आणि प्रजापती. ‘कोटी’ म्हणजे प्रकार, असाही अर्थ आज अनेक हिंदू लावतात. या सगळ्याशी ख्रिस्ती माणसाने सहमत व्हावं असं नाही. पण समोरच्याच्या घरात इतकी मोठी चर्चा झालेली असताना आपण फक्त आकडा फेकून हसलो. म्हणजे त्याने आपल्याशी जे केलं, तेच आपण त्याच्याशी केलं, आणि चार जण हसले म्हणून आपल्याला तो विजय वाटला.

मी त्या मुलाला दहा आज्ञा म्हणायला लावल्या. ‘आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस’ इथे त्याला थांबवलं. (आमच्या गणतीत ही नववी, कॅथलिक बांधवांच्या गणतीत आठवी.) ही आज्ञा आपण कोर्टकचेरीपुरती समजतो. पण शेजाऱ्याच्या श्रद्धेबद्दल जे खरं नाही ते चारचौघांत सांगणं ही त्याच्याविरुद्धची खोटी साक्षच झाली. खात्री न करता पुढे ढकललेला फॉरवर्डही त्यातच आला. धर्मचर्चेत निःपक्ष राहणं हा शिष्टाचाराचा, चांगल्या वळणाचा भाग असल्यासारखं आपण बोलतो. माझ्या मते तो आज्ञापालनाचा भाग आहे, चोरी न करण्याइतकाच.

माझे वडील इतवारीतून महिन्याचा किराणा आणत. दुकानदार ओळखीचा, तरी सामान मोजायच्या आधी वडील म्हणत, “शेठ, पहिले रिकामा तराजू दाखवा.” रिकाम्या तराजूचा काटा मध्यावर आला की मगच साखर पडायची पारड्यात. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. पुढे बायबलमधलं ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक वाचताना ते आठवलं. तिथे लिहिलंय की तुझ्या पिशवीत एक मोठं आणि एक लहान अशी दोन तऱ्हेची वजनं असू नयेत. घेताना एक वजन, देताना दुसरं. नीतिसूत्रांत तर म्हटलंय की अशा वजनांचा परमेश्वराला वीट आहे.

धर्मावरच्या वादात काटा मारला जातो तो असाच, आणि बहुतेक वेळा मारणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. आपण आपल्या धर्माचा आदर्श काढतो आणि दुसऱ्याच्या धर्माचं वर्तन. आपली बाजू येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातून मांडतो, त्याची बाजू पेपरातल्या गुन्ह्याच्या बातमीतून. हिंदूंशी बोलताना जातीचा विषय काढणारे ख्रिस्ती मी पुष्कळ पाहिलेत. विषय खराच आहे. पण त्याच दमात हेही सांगावं लागतं की जात बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळली नाही. आपल्याकडच्या सोयरिकी जुळवताना काय विचारलं जातं ते आपल्याला ठाऊक आहे, आणि देशाच्या काही भागांत दफनभूमीतसुद्धा वेगवेगळ्या ओळी होत्या. समोरचा गोव्याच्या इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणाऱ्या न्यायासनाचं, नाव घेतो तेव्हा आपण चटकन म्हणतो, ‘ते राज्यकर्त्यांचं काम होतं, त्याचा येशूशी काय संबंध?’ १५६० ते १८१२, मधला थोडा काळ सोडला तर अडीचशे वर्षं ते न्यायासन चाललं, आणि ते चर्चचं होतं. ते कबूल करून मग म्हणावं की हे येशूच्या शिकवणीविरुद्ध होतं. मात्र हीच सवलत समोरच्यालाही द्यावी लागेल. त्याच्या धर्मातल्या एखाद्याने काही वाईट केलं आणि तो म्हणाला की आमचा धर्म हे शिकवत नाही, तर ते ऐकून घ्यायची तयारी हवी. आपल्याला जे वजन, तेच त्याला.

“पण टीचर,” तो मुलगा म्हणाला, “देवाच्या बाजूने बोलताना थोडं इकडचं तिकडं झालं तर?”

हा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याच्यासाठी पवित्र शास्त्रात अख्खं पुस्तक आहे. ईयोबाचं सगळं लुटलं गेलंय, अंगभर फोड आलेत, तो राखेत बसलाय. तीन मित्र येतात आणि देवाची बाजू घेऊन वाद घालतात. देव न्यायी आहे, तेव्हा तू पाप केलंच असशील, असा त्यांचा सगळा युक्तिवाद. ईयोब तेराव्या अध्यायात त्यांना विचारतो, तुम्ही देवासाठी खोटं बोलणार का? त्याचा पक्षपात करणार का? आणि शेवटी देव बोलतो तेव्हा त्याचा राग ईयोबावर नाही, या तीन वकिलांवर भडकतो. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं तो सांगतो. ज्याने देवालाच धारेवर धरलं तो सुटला आणि ज्यांनी देवाच्या बचावासाठी ईयोबावर खोटा आळ घेतला त्यांना प्रायश्चित्त करावं लागलं. सात बैल आणि सात मेंढे घेऊन त्याच ईयोबाकडे जायचं आणि त्याने त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. सुवार्तेच्या उत्साहात असलेल्या प्रत्येक तरुणाने हा शेवटचा, बेचाळिसावा अध्याय वाचावा असं मला मनापासून वाटतं.

आता थोडं आपल्या मातीतल्या शास्त्राकडे येते. मराठी शिकवताना ‘वितंडवाद’ हा शब्द आला की मी मुलांना त्याचं मूळ सांगायची. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. पहिला वाद: दोघंही खरं काय ते शोधायला बसलेत, प्रमाणं देतायत, तर्क लढवतायत. दुसरा जल्प: इथे जिंकायचंच आहे, त्यासाठी शब्दच्छल चालतो, समोरच्याला शब्दांत पकडायचं. तिसरा वितंडा: स्वतःची बाजू मांडायचीच नाही, दुसऱ्याची तेवढी पाडायची. गंमत बघा, मराठीत आपण तिन्हींना ‘वाद’च म्हणतो आणि म्हणून वाद हा शब्दच बदनाम झालाय. ‘वाद घालू नये’ असं वडीलधारे सांगतात तेव्हा त्यांच्या मनात जल्प आणि वितंडा असतात.

छल कसा असतो याचं जुनं उदाहरण मुलांना फार आवडायचं. ‘नवकंबलो देवदत्तः’ असं कुणी म्हणालं. म्हणणाऱ्याला सांगायचंय की देवदत्ताकडे नवी घोंगडी आहे. ऐकणारा मुद्दाम ‘नव’ म्हणजे नऊ धरतो आणि म्हणतो, कुठे नऊ? एकच तर दिसतेय! बोलणाऱ्याला काय म्हणायचंय ते कळूनसुद्धा दुसराच अर्थ त्याच्या माथी मारायचा. ‘तुमचे देव तीन’ आणि ‘तुमचे तेहतीस कोटी’ ही दोन्ही त्याच घोंगडीची भावंडं.

याच परंपरेतली एक रीत ख्रिस्ती माणसाने जशीच्या तशी उचलावी असं मी म्हणेन. ती म्हणजे पूर्वपक्ष. जुन्या ग्रंथांत आपलं मत मांडण्याआधी विरोधकाचं मत सविस्तर मांडतात, मग त्याला उत्तर म्हणजे उत्तरपक्ष. आपल्याकडेही हे परकं नाही. तेराव्या शतकातला थोर धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस प्रत्येक प्रश्न सुरू करतो तो विरोधातले आक्षेप एकेक करून मांडत, आणि आपलं उत्तर नंतर देतो. पूर्वपक्षाची माझी कसोटी साधी आहे: मी तुमचं म्हणणं मांडलं आणि तुम्ही म्हणालात, ‘हो, हेच, मीसुद्धा इतकं नीट मांडलं नसतं,’ तर मला पुढे बोलायचा हक्क मिळाला.

हे मी शहाणपणाने शिकले नाही. शाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर एक बौद्ध शिक्षिका होत्या, वर्षानुवर्षं आमचा डबा एकत्र. ऑक्टोबर महिना होता, दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या लोकांनी रस्ते भरून वाहत होते, आणि स्टाफरूममध्ये विषय निघाला. त्यांनी सांबारवडीचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि मी वडी उचलता उचलता म्हणाले, “तुमच्यात देवच नाही म्हणता, मग विहारात बसून प्रार्थना कुणाची करता? भिंतीची?” मला ते मोठं बिनतोड वाटलं होतं. त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. डब्याचं झाकण लावलं, कडी दाबली, रुमालात बांधला आणि वह्या तपासायला घेतल्या. माझ्या हातात ती वडी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली आणि विचारलं की तुम्ही काय करता ते मला सांगा. त्या म्हणाल्या, “ताई, आम्ही वंदना करतो, मागणं नाही करत. बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. बाबासाहेबांनीच हा फरक सांगितलाय.” मग १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांचे आजोबा दीक्षेला कसे गेले, बावीस प्रतिज्ञा घरात कशा पाठ होत्या, हे सांगितलं. बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, अशी त्यांतली एक प्रतिज्ञा आहे. त्यामुळे कुणी भल्या मनाने ‘बुद्ध पण देवच’ म्हणालं तरी त्यांना का टोचतं, ते मला तेव्हा कळलं. मी इतकी वर्षं याच शहरात राहत होते. तोवर मी कुणाला विचारलंच नव्हतं. त्यानंतर आमची खरी चर्चा झाली, मतभेदासकट. कुणी तारणारा हवाच का, की माणसाने स्वतःच चालायचं, यावर आम्ही निवृत्त होईपर्यंत बोलत होतो. मी येशूला तारणारा मानते हे मी कधी लपवलं नाही. त्या ते मानत नाहीत हे त्यांनी कधी लपवलं नाही.

हेही स्पष्ट सांगते: समोरच्याशी प्रामाणिक राहणं म्हणजे आपला विश्वास पातळ करणं नव्हे. ‘सगळे धर्म सारखेच’ म्हणून विषय मिटवणारा माणूस मला भांडखोराइतकाच अनादर करणारा वाटतो, कारण त्याने कुणाचंच ऐकलेलं नसतं.

याच शहराच्या इतिहासात एक माणूस होऊन गेला. स्कॉटलंडचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आला. हिस्लॉप कॉलेज त्याच्या नावाचं, त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी सुरू झालेलं. त्याची सगळी मतं मला मान्य आहेत असं नाही, तो त्याच्या काळाचा होता. पण प्रचार करायला आलेल्या या माणसाने गोंडांची लिंगोची गाथा त्यांच्याच गोंडी बोलीत ऐकून उतरवून घेतली. १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं बघून परतताना तो नाल्याच्या पुरात वाहून गेला. त्याचे ते कागद रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापले. दुसऱ्याची श्रद्धा त्याच्या शब्दांत लिहून घ्यायला जो वेळ लागतो, तो त्याने दिला होता.

आता आत्मसंयम. गलतीकरांस पत्रात आत्म्याचं फळ सांगितलंय. प्रीती, आनंद, शांती अशी सुरू होणारी ती यादी आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ‘सौम्यता, इंद्रियदमन’ या शब्दांवर संपते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ स्वतःवर ताबा. इंद्रियदमन म्हटलं की आपलं मन लगेच दारू, वासना, खादाडपणा यांच्याकडे जातं. पण आपल्या परंपरेत पाच कर्मेंद्रिये मोजतात आणि त्यांत वाणीचं नाव पहिलं येतं. हात, पाय नंतर. याकोबाच्या पत्रातल्या तिसऱ्या अध्यायाचा मोठा भाग जिभेवरच आहे. तेव्हा आपल्या भाषांतरकारांनी तो शब्द निवडला तो वादविवादालाही चपखल बसतो.

ताबा सुटतोय हे कसं ओळखायचं? आवाज चढणं ही फार उशिराची खूण आहे, तोवर गाडी रुळावरून उतरलेली असते. त्याच्या आधीची खूण मी मुलांना सांगते: ‘तुमचं म्हणणं’ याच्या जागी ‘तुम्ही लोक’ येतं. ज्या क्षणी तोंडातून ‘तुम्ही लोक’ निघालं, त्या क्षणी समोर बसलेला माणूस दिसेनासा झाला आणि त्याच्या मागे उभी असलेली, आपल्या कल्पनेतली गर्दी दिसायला लागली. दुसरी खूण, तो बोलत असताना आपल्या डोक्यात आपलं पुढचं वाक्य तयार होत असतं. ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा आणि लाज आहे असं नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात आहे. त्याच अध्यायात चार ओव्या पुढे आणखी मार्मिक सांगितलंय: पहिल्यांदा बाजू मांडणारा खरा वाटतो, मग दुसरा येऊन त्याची तपासणी करतो. आपण नेहमी आपलीच बाजू पहिली ऐकलेली असते, जन्मापासून.

पौलासारख्या मोठ्या प्रेषिताचाही तोल गेला होता. न्यायसभेपुढे उभा असताना प्रमुख याजकाने त्याच्या तोंडात मारायला सांगितलं आणि पौल कडाडला, “अरे चुना लावलेल्या भिंती!” जवळच्यांनी सांगितलं की हा प्रमुख याजक आहे. पौल तिथल्या तिथे म्हणाला, मला माहीत नव्हतं, आपल्या लोकांच्या अधिकाऱ्याविषयी वाईट बोलू नये असं शास्त्रात आहे. मार त्याने खाल्ला होता, अन्याय त्याच्यावर झाला होता, तरी शब्द मागे घेतला. हा प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांच्या तेविसाव्या अध्यायात आहे, लपवलेला नाही.

आणि एकोणिसाव्या अध्यायात माझ्या आवडीची साक्ष आहे. इफिसात अर्तमीदेवीच्या नावाने शहर पेटलंय, लोक दोन तास घोषणा देतायत. तेव्हा शहराचा लेखनिस उठतो. तो ख्रिस्ती नाही, देवीला मानणारा आहे. तो लोकांना सांगतो, ही माणसं देवळं लुटणारी नाहीत आणि यांनी आपल्या देवीची निंदाही केलेली नाही. पौल दोनेक वर्षं त्या शहरात मूर्तींविरुद्ध शिकवत होता, त्याचं मत काय ते सगळ्यांना माहीत होतं. तरीही दुसऱ्या धर्माचा सरकारी माणूस भर सभेत त्याच्या बाजूने हे सांगू शकला. अथेन्समध्येही तसंच. गावभर मूर्ती पाहून तो आतून तळमळला असं लिहिलंय, पण बोलायला उभा राहिला तेव्हा त्याने त्यांच्याच वेदीवरचा लेख वाचून दाखवला आणि त्यांच्याच कवीची ओळ घेतली.

इथे कुणीतरी हटकून म्हणतं की प्रभूनेच परूश्यांना ‘चुना लावलेल्या कबरी’ म्हटलं, मग आम्ही का गप्प बसायचं? हा आक्षेप वजनदार आहे. पण ते शब्द कुणासाठी होते ते बघा. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायातले सगळे कठोर शब्द स्वतःच्या धर्मातल्या, अधिकाराच्या जागेवर बसलेल्या शिक्षकांना उद्देशून आहेत. बाहेरच्यांशी प्रभू कसा बोलला? विहिरीवरच्या शोमरोनी बाईकडे त्याने पाणी मागितलं, उपासना कुठे करावी यावरचा तिचा वाद ऐकून घेतला. रोमी शताधिपतीबद्दल म्हणाला, एवढा विश्वास मला इस्राएलातही आढळला नाही. शोमरोनी गावाने त्याला थारा दिला नाही तेव्हा शिष्य आकाशातून अग्नी पाडायला निघाले होते, त्याने शिष्यांनाच दटावलं. तेव्हा प्रभूचे कडक शब्द वापरायचेच असतील तर ते आपल्या मंडळीच्या मीटिंगमध्ये, पदावर बसलेल्या आपल्याच लोकांसमोर वापरायला हवेत. तिथे मात्र आपली जीभ टाळूला चिकटते.

आपली कच्ची बाजू आधीच माहीत असणं आणि ती कबूल करणं, याचाही अभ्यास लागतो. १८५४ मध्ये आग्र्याला मिशनरी फांडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांच्यात दोन दिवस जाहीर वाद झाला. फांडरने इस्लामवर पुस्तक लिहिलेलं, आत्मविश्वास दांडगा. पण मौलानांच्या सोबतीला डॉ. वझीर खान होते आणि त्यांनी बायबलच्या हस्तलिखितांवर युरोपातल्याच विद्वानांनी केलेलं संशोधन वाचून ठेवलं होतं. हस्तलिखितांत पाठभेद आहेत हे फांडरला भर सभेत मान्य करावं लागलं. आपल्या पुस्तकाबद्दल समोरच्याने आपल्यापेक्षा जास्त वाचलेलं असू शकतं. म्हणून मी तरुणांना आधीच दाखवते की मार्काच्या शेवटच्या अध्यायातली नववी ते विसावी ओवी आणि योहानातला व्यभिचारी स्त्रीचा प्रसंग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत. हे आपल्याकडून कळलं तर विश्वास डळमळत नाही. दुसऱ्याने तोंडावर फेकलं तर मुलं गांगरतात, आणि गांगरलेला माणूस ओरडतो.

आणि ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’ हे वाक्य. ते चार लोकांसमोर जड जातं. मुळात चार लोकांसमोर धर्मावर बोलणंच टाळता आलं तर टाळावं, कारण बघणारे असले की माघार घेणं दोघांनाही जमत नाही. निकदेम नावाचा यहुदी पुढारी प्रभूकडे रात्री एकटाच आला होता. आणि कधीकधी बोलायचंच नसतं. प्रभूला पकडून हेरोद राजापुढे नेलं तेव्हा त्याने पुष्कळ प्रश्न विचारले, त्याला चमत्कार पाहायची हौस होती. प्रभूने एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते. संविधानाच्या २५व्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. आणि कुणाच्या धार्मिक भावना हेतुपुरस्सर, द्वेषबुद्धीने दुखावणं हा भारतीय न्याय संहितेच्या २९९व्या कलमाखाली गुन्हा आहे, जे पूर्वी भारतीय दंड संहितेचं २९५-अ होतं. एवढं माहीत असू द्यावं. पण पोलिसांच्या भीतीने जीभ आवरणाऱ्याचं इंद्रियदमन किती दिवस टिकणार?

आपल्या आपल्यातले वादही काही कमी तिखट नसतात. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यावा की मोठं होऊन स्वतः विश्वास ठेवल्यावर घ्यावा, यावर मी सख्ख्या भावांना एका ताटात जेवणं सोडताना पाहिलंय. याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेची संयुक्त मंडळी होती, ब्रदरन, डिसायपल्स आणि मेथडिस्टांचा एक गट होता. बोलणी सुरू झाली १९२९ मध्ये. एकेचाळीस वर्षं! बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर कुणी कुणाला हरवलं नाही. दोन्ही पद्धती मंडळीत मान्य राहिल्या. सगळं गोड झालं असंही नाही, मेथडिस्टांची दुसरी, मोठी मंडळी अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली आणि त्याचं दुःख पुष्कळांना झालं. पण बोलणी सुरू करणाऱ्यांतले कितीतरी जण तो दिवस पाहायला उरले नव्हते. आपल्या हयातीत निकाल लागणार नाही अशा चर्चेला ते दर वेळी नव्याने बसत राहिले.

तो मुलगा तिसऱ्या रविवारी एक कागद घेऊन आला. वहीचं फाडलेलं पान. त्याने वाचून, विचारून लिहिलं होतं: माझा मित्र देवाबद्दल काय मानतो. वर्गात ते वाचून न दाखवता आधी मित्रालाच नेऊन दे, असं मी सांगितलं.

पुढच्या आठवड्यात पान परत आलं. त्यावर निळ्या शाईत मित्राच्या अक्षरात दोन ओळी खोडलेल्या होत्या आणि समासात लिहिलं होतं, “असं नाही बे. भेट, सांगतो.” खाली त्याने एक प्रश्न जोडला होता: तुमच्यात तो आत्मा म्हणतात तो नक्की कोण? मुलाने मला विचारलं, “टीचर, याचं काय सांगू?” आम्ही योहानाचा चौदावा अध्याय उघडला.